तिने कोणाकोणाला सांगितले होते?

(स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



महाराष्ट्रातील मतदान केंद्रांचे क्रमांक मणिबेलीपासून सुरू होतात. नंदुरबार हा राज्यातला पहिल्या क्रमांकाचा लोकसभा मतदारसंघ, अक्कलकुवा हा पहिल्या क्रमांकाचा विधानसभा मतदारसंघ आणि त्यातले पहिले केंद्र मणिबेली. सातपुड्याच्या कुशीतले, नर्मदाकाठचे हे गाव आणखी एका यादीत पहिले आहे. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील ज्या तेहतीस गावांना पाणी लागले, त्यांत सर्वांत आधी, १९९३ च्या पावसाळ्यात, घरे बुडाली ती मणिबेलीची. त्याच्या वर्षभर आधी, १९९२ मध्ये, ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जागतिक बँकेला तिच्याच पैशाने चाललेल्या या प्रकल्पाविषयी कठोर अहवाल दिला होता, आणि मार्च १९९३ मध्ये बँकेचे कर्ज थांबले. पुढच्या वर्षी जगभरातल्या तीनशेहून अधिक संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये, झाल्या कामाची स्वतंत्र तपासणी व्हावी, अशी मागणी केली. त्या मागणीपत्राला त्यांनी मणिबेलीचेच नाव दिले. सरकारी प्रकल्प कसा तपासावा, याचा एक धडा या गावाने जगाला दिला आहे. प्रकल्पाचा शेवटचा माणूस कुठे उभा आहे तिथून तपासणी सुरू करायची आणि तपासणारा प्रकल्प चालवणाऱ्यांपैकी नसावा, हा तो धडा. आज मला एका वेगळ्या प्रकल्पाविषयी बोलायचे आहे. तो अजून अस्तित्वात नाही. घरातल्या हिंसेने होणारे स्त्रियांचे मृत्यू रोखण्याचा सरकारी प्रकल्प कसा असावा, त्याची सूत्रे कोणाकडे असावीत आणि त्याने पहिले काम कोणते करावे, एवढाच माझा विषय आहे.

आधी आकार पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगभरात सुमारे ५१,१०० स्त्रिया आणि मुली नवऱ्याच्या, जोडीदाराच्या किंवा घरच्याच कोणाच्या हातून मारल्या गेल्या. म्हणजे दिवसाला सुमारे १४०. भारतात हुंडाबळी म्हणून नोंदले जाणारे मृत्यूच वर्षाला सहा हजारांहून अधिक आहेत. त्यांच्या शेजारी आणखी एक आकडा ठेवावा लागतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात आत्महत्या केलेल्या गृहिणींची संख्या २५,३०९ आहे. यांतली प्रत्येक आत्महत्या मारहाणीमुळे झाली असे कोणीही म्हणणार नाही. आजारपण असते, कर्ज असते, मनाचे दुखणे असते. परंतु यांतल्या किती जणींना घरात मार बसत होता, हे आपल्याकडे कोणी सांगू शकत नाही, कारण ते शोधण्याचे काम कोणाकडे सोपवलेलेच नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. त्याच पाहणीत देशभरातल्या हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी १४ टक्क्यांनीच कोणाकडे मदत मागितली होती, आणि ७७ टक्क्यांनी मदत मागणे तर दूरच, कोणापाशी शब्दही काढला नव्हता. माझे सगळे म्हणणे त्या १४ टक्क्यांभोवती फिरते. ज्यांनी तोंडच उघडले नाही त्यांच्यापर्यंत पोहोचणे अवघड आहे, हे मान्य. पण ज्यांनी सांगितले, त्यांच्या सांगण्याचे पुढे काय झाले?

आपल्याकडे घरात मेलेली बाई कागदावर कशी येते, हे पाहिले की उत्तर मिळू लागते. पोलीस पाटील खबर देतो. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, गरज वाटली तर व्हिसेरा राखून ठेवतात. जबाबात ठरलेली वाक्ये येतात. चुलीचा भडका उडाला, पाय घसरून विहिरीत पडली, पोटदुखीला कंटाळून फवारणीचे औषध घेतले. माहेरच्यांनी तक्रार केली आणि पुरावा दिसला तर गुन्हा दाखल होतो, नाही तर फाईल बंद होते. या सगळ्या कामाचा रोख एकाच प्रश्नावर असतो: कोणी मारले का, आणि मारले असेल तर कोणी? प्रश्न योग्य आहे. तो विचारलाच पाहिजे. पण मृत्यू रोखायचा असेल तर आणखी एक प्रश्न लागतो. मरण्याआधीच्या वर्षभरात तिने कोणाकोणाला सांगितले होते, आणि त्या प्रत्येकाने काय केले? हा प्रश्न आपल्या कोणत्याही नोंदवहीत नाही.

पुण्यातले मंजुश्री सारडा प्रकरण महाराष्ट्राच्या जुन्या पिढीला आठवत असेल. फेब्रुवारी १९८२ मध्ये लग्न, जूनमध्ये मृत्यू, शरीरात सायनाइड. सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी नवऱ्याला निर्दोष सोडले. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कशी पूर्ण असावी लागते, हे सांगताना वकील आजही त्या निकालाचा दाखला देतात. न्यायालयासमोरचा वाद खून की आत्महत्या, हा होता. संशयाचा फायदा आरोपीला मिळाला आणि कायद्याच्या दृष्टीने तो मिळायलाच हवा होता. परंतु त्या खटल्याच्या कागदांत मंजुश्रीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे आहेत. सासरी ती किती दुःखी आहे, हे त्यांत आहे. म्हणजे ती गप्प राहिली नव्हती. खून मानला काय किंवा आत्महत्या मानली काय, पत्र आणि मृत्यू यांच्यामधल्या काळात कोण काय करू शकले असते, हा प्रश्न दोन्हीकडे तसाच उरतो. तो विचारण्याचे काम न्यायालयाचे नव्हते. ते कोणाचेच नव्हते. चार दशकांनंतरही स्थिती फारशी हललेली नाही. मे २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातील ज्या तरुण सुनेच्या मृत्यूने राज्य हादरले, त्या घरातल्या थोरल्या सुनेची तक्रार यंत्रणेकडे आधीच पोहोचलेली होती. ते प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, दोषाविषयी मी काही बोलणार नाही. पण एका घरातून आलेल्या पहिल्या तक्रारीनंतर त्याच घरातल्या दुसऱ्या स्त्रीची चौकशी का झाली नाही, हे विचारायला खटल्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

कोणी म्हणेल, कायदे तर केले आहेत. केले आहेत, आणि ते स्त्री-संघटनांनी रस्त्यावर उतरून मिळवलेले आहेत. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत ४९८-अ आले, १९८६ मध्ये ३०४-ब. आता हीच कलमे भारतीय न्याय संहितेत ८५, ८६ आणि ८० या क्रमांकांनी आली आहेत. लग्नानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीचा संशयास्पद मृत्यू झाला तर शवविच्छेदन आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशी कायद्याने घालून दिली. त्या काळी हे मोठे पाऊल होते. पण त्या रचनेत दोन गृहीतके पक्की बसली आहेत: एक हुंडा, दुसरे सात वर्षे. ती दोन्ही घेऊन सातपुड्यात चढा. भिल्ल, पावरा, तडवी समाजांत लग्नात पैसा जातो तो मुलाकडून मुलीच्या बापाकडे, देज म्हणून. इथे हुंडाबळी कसा शोधणार? इथली बाई मरते ती दारूच्या रात्री, संशयावरून, नांदायला परत येत नाही म्हणून, देज परत मिळाले नाही म्हणून, आणि कधी भाऊबंदांनी तिला डाकीण ठरवले म्हणून. लग्नाची नोंद नसते, त्यामुळे सात वर्षे कधीपासून मोजायची तेही ठरत नाही. आणि आठव्या वर्षी, पंधराव्या वर्षी, चार मुले झाल्यावर मेलेल्या बाईसाठी ती सक्तीची चौकशी लागूच होत नाही. जादूटोणाविरोधी कायदा डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, २०१३ मध्ये, झाला. डाकिणीच्या आरोपासाठी तो आहे. पण घरातली मारहाण आणि डाकीण म्हणून होणारा छळ ही दोन वेगळी खाती धरली की दोन्हींच्या मधली बाई निसटते. ज्या दिराने शेताच्या तुकड्यासाठी विधवा भावजयीला डाकीण म्हटले, त्याचा गुन्हा कोणत्या खात्यात घालणार?

यावर उपाय दूर कुठे शोधायची गरज नाही. तो नंदुरबार जिल्ह्याला पाठ आहे. हा जिल्हा १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला तेव्हापासून कुपोषण, बालमृत्यू आणि मातामृत्यू या तीन गोष्टींसाठी त्याचे नाव विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत येत राहिले. त्या दबावातून एक पद्धत रुजली. बाळंतपणात बाई दगावली की तो मृत्यू कळवावाच लागतो. आरोग्य कर्मचारी घरी जाऊन विचारतात: त्रास केव्हा सुरू झाला, दवाखान्यात न्यायचे कधी ठरले, वाहन किती वेळाने मिळाले, रक्त होते का, डॉक्टर जागेवर होते का. मग तो कागद जिल्हा समितीपुढे जातो. केंद्र सरकारने २०१० मध्ये मातामृत्यू अन्वेषणाची ही रीत देशभर लागू केली. तिचा पाया फार शहाणपणाचा आहे. उशीर कुठे झाला ते शोधायचे: निर्णयाला, वाटेत, की दवाखान्यात. फाशी कोणाला द्यायची, हे ती समिती ठरवत नाही. पुढची बाई कशी वाचेल, हे ठरवते. नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातले मातामृत्यूचे प्रमाण २००१-०३ मध्ये लाख जिवंत जन्मांमागे १४९ होते, २०१८-२० मध्ये ते ३३ झाले. हे एकट्या अन्वेषणाचे यश नाही. दवाखान्यातली बाळंतपणे वाढली, आशा आल्या, रुग्णवाहिका आल्या, नर्मदेच्या पाण्यावर तरंगता दवाखाना फिरू लागला. पण कुठे काय कमी पडते ते मृत्यूंनी दाखवले आणि ते ऐकून घेण्याची सोय राज्याने केली, हे त्या यशातले कमी लेखण्यासारखे अंग नाही. आता एकच विचारतो. मणिबेलीच्या पाड्यावरची बाई बाळंतपणात गेली तर जिल्हा मुख्यालयापर्यंत तिच्या मृत्यूची कारणमीमांसा होते. तीच बाई सहा महिन्यांनी नवऱ्याच्या कुऱ्हाडीने गेली तर एक गुन्हा नोंदला जातो, आणि विष पिऊन गेली तर अकस्मात मृत्यूच्या वहीत एक ओळ वाढते. जीव तोच. मग राज्याचे कुतूहल का संपते?

जगात हा प्रश्न विचारायला सुरुवात झाली तीही एका मृत्यूपासूनच. १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहरात एका स्त्रीचा तिच्या नवऱ्याने मुलाच्या शाळेत गोळ्या घालून खून केला. तिने पोलिसांकडे तक्रार केली होती, न्यायालयातून संरक्षणाचा आदेश मिळवला होता, घटस्फोट आणि मुलाचा ताबा मागितला होता. आपण स्त्रियांना जे जे करायला सांगतो ते सगळे तिने केले होते. तरी ती मेली. शहराच्या महिला आयोगाने मग प्रत्येक कार्यालयाचे कागद एकत्र करून पाहिले आणि दिसले ते असे की प्रत्येक खात्याला तिच्या गोष्टीचा एकेक तुकडा माहीत होता, पूर्ण गोष्ट कोणालाच माहीत नव्हती. त्यानंतर कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने २००३ च्या सुमारास अशा मृत्यूंसाठी कायमची समिती नेमली, न्यूझीलंडने २००८ मध्ये, आणि इंग्लंड व वेल्समध्ये २०११ पासून घरगुती हत्येनंतर असे पुनर्विलोकन करणे कायद्याने बंधनकारक झाले. या समित्यांच्या अहवालांतून एक गोष्ट पुन्हापुन्हा वर येते: असे खून सहसा आभाळातून कोसळत नाहीत. ओंटारिओत बहुतांश प्रकरणांत धोक्याच्या सात किंवा त्याहून अधिक खुणा आधीपासून हजर असल्याचे आढळले. अमेरिकेत जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका-संशोधिकेने १९८० च्या दशकापासून या खुणांवर काम केले. तिच्या आणि तिच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांत सर्वांत गंभीर ठरलेल्या खुणा अशा: गळा दाबणे, जिवे मारण्याची धमकी, हाताशी हत्यार, आणि बाईने घर सोडण्याचा प्रयत्न करणे. गळा दाबण्याची खूण मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिची जखम बहुधा दिसत नाही. रक्त नाही, हाड मोडलेले नाही, मानेवर पुसटसे लाल वळ. आपल्याकडे असे प्रकरण आले तर अदखलपात्र म्हणून नोंदवून, नवऱ्याला समज देऊन दोघांना घरी पाठवण्याची शक्यताच अधिक. ज्या खुणेने सर्वांत मोठा गजर वाजायला हवा, तिच्यावर सर्वांत कमी लक्ष जाते. आणि बाई माहेरी निघून गेली की आपण सुटकेचा श्वास टाकतो. खरे तर पहारा वाढवायची वेळ तीच असते.

या सगळ्यातून प्रकल्पाचे चित्र माझ्यापुढे असे उभे राहते. जिल्ह्यातल्या पंधरा वर्षांवरील प्रत्येक स्त्रीचा भाजून, विषाने, गळफासाने, बुडून किंवा इजा होऊन झालेला मृत्यू, लग्नाला सात वर्षे झाली असोत की सत्तावीस, एका समितीपुढे यावा. समितीच्या संचालकाला पोलीस, आरोग्य, महसूल, महिला व बालविकास, आदिवासी विकास या सगळ्या खात्यांचे कागद मागवण्याचा अधिकार हवा. हे त्याचे एकमेव, पूर्णवेळ काम असावे. आजवर आपण ही कामे अतिरिक्त कार्यभार म्हणून देत आलो आहोत आणि तिथेच ती मेली आहेत. संचालक पोलीस दलातला नसावा, कारण पोलिसांच्या प्रतिसादाचीही तपासणी त्याला करायची आहे. समितीत जिल्हा रुग्णालयाचा न्यायवैद्यक डॉक्टर हवा, संरक्षण अधिकारी हवा, आणि भिलोरी-पावरी बोलणाऱ्या, गावपातळीवर काम केलेल्या स्त्रिया हव्यात, शोभेला नव्हे तर मताचा अधिकार घेऊन. समितीने आरोपीच्या दोषाविषयी एक शब्द लिहू नये. तिने एवढेच लिहावे: ही बाई जखम घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात आली होती का, आली तर कशाने लागले असे विचारले का, अंगणवाडी सेविकेला माहीत होते का, पोलीस पाटलाला माहीत होते का, पंचांनी काय निवाडा केला होता, मोलगीच्या पोलीस ठाण्यात नोंद होती का, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा घटना अहवाल भरला गेला का, संरक्षणाचा आदेश निघाला असेल तर तो नवऱ्याच्या हाती पडला का. वर्षअखेरीस नावे, गावे वगळून अहवाल छापावा आणि प्रत्येक खात्याने ठरावीक मुदतीत त्याला लेखी उत्तर द्यावे. अहवालातून निघालेल्या धोक्याच्या खुणांची आठ-दहा प्रश्नांची यादी आशाताईच्या, परिचारिकेच्या आणि ठाणे अंमलदाराच्या हाती द्यावी. त्या यादीत गळा दाबणे असेल तसे डाकीण म्हणून बोट दाखवणेही असेल. आणि खुणा भरल्या त्या रात्री त्या बाईने कुठे झोपायचे, याचे उत्तर आधीच तयार असावे. मणिबेलीहून बाहेर पडायला होडी लागते किंवा डोंगर चढावा लागतो. नंदुरबारच्या सखी केंद्रातला, म्हणजे पीडित स्त्रियांच्या सरकारी मदत केंद्रातला, पलंग तिच्यासाठी त्या रात्री नसल्यातच जमा. म्हणून मणिबेली ही या प्रकल्पाची कसोटी. तिथल्या बाईला एका रात्रीत सुरक्षित जागी पोहोचवता येत नसेल तर यंत्रणा उभी राहिली असे म्हणू नये.

आता आक्षेप. पहिला आक्षेप प्रशासनाचा आहे: यंत्रणा आधीच पुष्कळ आहेत, आणखी एक कशाला? खरे आहे, महाराष्ट्र या बाबतीत मागासलेला नाही. पोलीस ठाण्यात बसून स्त्रियांना साहाय्य करणारा विशेष कक्ष टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सोबतीने १९८४ मध्ये सुरू केला आणि पुढे राज्यभर नेला. रुग्णालयातच हिंसेचा बळी ओळखायचा हा 'दिलासा'चा प्रयोग २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात उभा राहिला. सखी वन स्टॉप सेंटर २०१५ पासून आहेत, १८१ आणि ११२ या हेल्पलाइन आहेत. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, अर्जावर साधारण तीन दिवसांत पहिली तारीख आणि साठ दिवसांत निकाल द्यावा, असे त्यात लिहिले आहे. पण त्याच कायद्याखाली जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा, असे राज्यांना सांगण्याची वेळ सर्वोच्च न्यायालयावर मे २०२५ मध्ये यावी, यातच सगळे आले. दारे पुष्कळ आहेत. एका दारातून परतलेली बाई दुसऱ्या दारापर्यंत पोहोचली का, हे पाहणारा कोणी नाही. मी मागतो ते आणखी एक दार नाही, ही देखरेख आहे.

दुसरा आक्षेप घराघरांत ऐकू येतो: बायका कायद्याचा गैरवापर करतात. ४९८-अ खाली सरसकट अटका होऊ नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बजावले आणि त्या निकालामागची चिंता मी उडवून लावत नाही. खोट्या तक्रारीने माणूस उद्ध्वस्त होऊ शकतो. परंतु मृत्यूचे अन्वेषण कोणाला अटक करत नाही, कोणावर गुन्हा लावत नाही आणि त्याचे कागद खटल्यात पुरावा म्हणून वापरता येऊ नयेत, अशी तरतूद पहिल्या दिवसापासून करता येते. शिवाय मेलेली बाई गैरवापर करत नसते. या आक्षेपाला इथे जागाच नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. आदिवासी समाजात बाईला नवरा सोडता येतो, पुन्हा लग्न करता येते, ती शेतात, बाजारात उघड वावरते. तिच्या प्रश्नांना तिचे पंच आहेत. तिथे सरकारने कशाला जावे? आणि मणिबेलीत तर सरकार आधी कोणत्या रूपात गेले होते? मोजणीवाल्यांच्या, पोलिसांच्या, घरे उठवणाऱ्यांच्या. ज्या गावाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पावसाळ्यात पाणी चढत असताना घर न सोडण्याचा सत्याग्रह केला, त्या गावातली बाई नवऱ्याची तक्रार घेऊन त्याच पोलिसांकडे का जाईल? हा अविश्वास कमावलेला आहे आणि तो सल्ल्याच्या पत्रकाने जाणार नाही. त्यात आणखी एक गोष्ट मिसळली आहे, तिची चर्चा पुनर्वसनाच्या अहवालांत क्वचित होते. धरणाने गावे फुटली. एकाच गावातली काही घरे गुजरातेतल्या वसाहतींत गेली, काही तळोद्याकडच्या वसाहतींत, काही डोंगरावरच राहिली. पूर्वी मार खाल्लेली बाई दोन टेकड्या ओलांडून संध्याकाळपर्यंत माहेरी पोहोचू शकत होती. माहेर दुसऱ्या राज्यात गेले की ती सोय संपते. जमिनीच्या बदली जमीन दिली का, याचा हिशोब आपण तीस वर्षे मागतो आहोत. बाईचे माहेर तुटले त्याचा हिशोब कोणत्या रकान्यात मांडणार? म्हणजे सरकारने तिच्या घरात जावे की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. सरकार तिच्या घरात जाऊन, तिचे आधार मोडून आधीच बाहेर आले आहे. त्याची भरपाई त्याच्याकडे बाकी आहे.

पंचांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. पंच तंटा लवकर मिटवतात, भाषा तिची असते, खर्च थोडा असतो. हे सगळे गुण खरे आहेत. पण पंचांसमोर प्रश्न बहुधा देजाचा, भरपाईचा आणि दोन घरांच्या सलोख्याचा असतो. बाईचा जीव उद्या राहील का, हा प्रश्न तिथे कोणी मांडत नाही आणि मांडायला बाई बसलेली नसते. आदिवासी समाजाला बाहेरून सुधारक लागतो असे मला मुळीच म्हणायचे नाही. याच जिल्ह्याचा इतिहास उलट सांगतो. १९७२ नंतर शहाद्याच्या शेतमजुरांनी श्रमिक संघटनेच्या झेंड्याखाली मजुरीचा आणि जमिनीचा लढा दिला तेव्हा भिल्ल स्त्रियांनी त्यात आपला प्रश्न स्वतः घातला. त्यांनी दारूचे अड्डे फोडले आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना गावासमोर जाब विचारला. शहरांतल्या स्त्री-संघटनांनी हुंडाबळीवर मोर्चे काढले ते त्यानंतर काही वर्षांनी. नवऱ्याची मारहाण ही घरातली खाजगी बाब नाही, हे या देशात सामूहिक कृतीने सांगणाऱ्यांत शहाद्याच्या आदिवासी बाया आघाडीवर होत्या, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हवी होती. आदिवासी भागांतल्या ग्रामसभांसाठीच्या पेसा कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी ग्रामसभेला मद्यावर नियंत्रणाचे अधिकार आणि तंट्यांसाठी शांतता समितीची वाट दिली आहे. प्रकल्पाने तिथे पाय ठेवावा. पोलीस चौकी वाढवून सुरुवात करू नये. गावातल्या ज्या दोन-तीन स्त्रियांकडे बाया आजही रात्री धावत जातात, त्या कोण हे गावाला माहीत असते. त्यांना प्रशिक्षण, मानधन, फोन आणि होडी मागवण्याचा अधिकार द्यावा.

शेवटचा आक्षेप जाणकारांचा आहे. धोक्याच्या खुणांवरून भाकीत करता येत नाही. शंभर घरांत खुणा दिसतील, मृत्यू एखाद्याच घरात होईल. बरोबर. पण खुणांची यादी भाकितासाठी नसते, कोणाकडे आधी धावायचे हे ठरवण्यासाठी असते. उरलेल्या नव्व्याण्णव घरांतल्या बायकांना मदत मिळाली म्हणून कोणाचे नुकसान होत नाही, कारण त्यांनाही मार बसतच असतो. याहून खरी भीती वेगळी आहे: अन्वेषणाचा सोपस्कार होईल. मातामृत्यूंच्या बाबतीतही हे घडू शकते. समिती बसते आणि शेवटी ठपका सर्वांत खालच्या बाईवर, आशेवर किंवा नर्सवर येतो. मग पुढच्या वेळी खालची बाई मृत्यू कळवायलाच कचरते. इंग्लंडमध्येही एकाच प्रकारच्या शिफारशी वर्षानुवर्षे पुन्हा लिहाव्या लागल्या, अहवालांना उशीर झाला, अशी टीका झाली आहे. नुसत्या अन्वेषणाने मृत्यूंची संख्या खाली आली, असे कोणताही देश छातीठोकपणे सिद्ध करू शकलेला नाही. मी हे लपवत नाही. पण यातून निघतो तो निष्कर्ष असा की समितीला दात हवेत: खात्याने मुदतीत उत्तर दिले नाही तर ते विधिमंडळासमोर यावे. आणि चौकशी वरून खाली यावी. वाहन का नव्हते, हे आशेला विचारण्याआधी वाहनाचा पैसा कोणी रोखला ते विचारावे. मणिबेलीच्या नावाने जगाने मागितलेली स्वतंत्र तपासणी ती हीच.

एवढे करायला संसदेच्या नव्या कायद्याची गरज नाही. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि जिल्हा परिषद यांच्या अखत्यारीत, राज्य शासनाच्या एका शासन निर्णयाने, नंदुरबार जिल्ह्यात हा प्रयोग सुरू होऊ शकतो. सहा तालुक्यांच्या पोलीस ठाण्यांत गेल्या पाच वर्षांच्या अकस्मात मृत्यूच्या वह्या आहेत. त्यांतल्या स्त्रियांच्या नोंदी बाहेर काढून, त्यांच्या माहेरी जाऊन, त्यांनी कोणाकोणाला सांगितले होते एवढे विचारण्यापासून सुरुवात करता येईल. या सभागृहात शासनाचे अधिकारी बसले आहेत, लोकप्रतिनिधी बसले आहेत. माझी त्यांना विनंती आहे की त्या वह्या आधी मागवून घ्या.